बाहेर काही आहे का? : दिल्लीतल्या हिवाळ्याची पाने

१३ नोव्हेंबर २०२४, बुधवार

सकाळी मंडळाच्या कार्यवाहांचा फोन. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी व्याख्यान हवंय. "ताई, 'जग ही माया' यावर बोला. आपल्या सगळ्या शास्त्रांनी तेच तर सांगितलंय. तुम्हाला तयारीसुद्धा लागणार नाही." हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर चिडले.

सगळ्या शास्त्रांनी? न्याय आणि वैशेषिक बाहेरचं जग ठामपणे मानतात. मीमांसक मानतात; जगच नसेल तर यज्ञ कशात करायचा? सांख्यांची प्रकृती खरी आहे, योगाचीही. रामानुज आणि मध्व जगाला खोटं म्हणू देत नाहीत. उरलं शांकर अद्वैत, आणि तिथेही प्रकरण वाटतं तेवढं सरळ नाही. 'बाहेर वस्तू नाहीतच, आहे ती फक्त जाणीव' असं खणखणीत सांगणारे लोक होते विज्ञानवादी बौद्ध. तेही सगळे बौद्ध नव्हेत.

संध्याकाळी कार्यवाहांना विषय बदलून कळवला: 'बाह्य जग आहे का? बौद्ध आणि वैदिक तार्किकांचा वाद'. ते म्हणाले, "थोडं जड होईल." होऊ दे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

गुरुनानक जयंतीची सुट्टी. खाली सोसायटीच्या फाटकाशी लंगर लागला होता. कढी-भाताचा वास चौथ्या मजल्यापर्यंत येत होता आणि मी विज्ञानवादी वसुबंधूची 'विंशतिका' उघडून बसले होते. नावाप्रमाणे वीस श्लोकांची, प्रत्यक्षात बावीस आहेत. वर त्याचीच वृत्ती. संस्कृत मूळ शतकानुशतकं फक्त तिबेटी आणि चिनी भाषांतरांतून माहीत होतं. सिल्वाँ लेव्ही या फ्रेंच पंडिताला नेपाळात हस्तलिखित मिळालं आणि १९२५ मध्ये त्याने ते पॅरिसहून छापलं.

वसुबंधूचं मला नेहमी कौतुक वाटतं. पहिल्याच पानावर तो स्वतःविरुद्धचे आक्षेप मांडतो, आणि असे मांडतो की विरोधकाला त्यात भर घालायला जागा राहू नये. बाहेर वस्तू नसेल तर एखादी गोष्ट ठरावीक जागीच का दिसते, कुठेही का नाही? ठरावीक वेळीच का? एकट्यालाच न दिसता तिथे असलेल्या सगळ्यांना का दिसते? आणि दिसणाऱ्या वस्तूने काम का होतं? स्वप्नातल्या जेवणाने पोट भरत नाही, ताटातल्याने भरतं.

मग उत्तरं. स्वप्नातसुद्धा बाग एका जागी दिसते, एका वेळी दिसते. जागा आणि वेळ यांचा नियम वस्तूशिवायही पाळला जातो. अनेकांना एकच दिसणं? प्रेतयोनीतल्या जीवांना, कर्म सारखं असल्यामुळे, सगळ्यांनाच नदीत पू वाहताना दिसतो. पू तिथे नसतो. आणि काम होणं? इथे वसुबंधू स्वप्नदोषाचं उदाहरण देतो. वर्गात हा भाग शिकवताना मुलं खाली बघून हसायची. उदाहरण मात्र अचूक आहे: बाहेर कोणी नव्हतं, तरी शरीरावर परिणाम झाला.

पुढे एक आक्षेप येतो तो मला सर्वांत कठीण वाटतो. बाहेर देहच नाहीत, तर खाटकाने मेंढी मारली म्हणजे काय केलं? त्याला पाप का लागावं? वसुबंधू म्हणतो, एका चित्ताचा दुसऱ्या चित्तावर परिणाम होतो, मधे देह लागत नाही. आणि पुरावा म्हणून ऋषींच्या कोपाने ओसाड झालेल्या अरण्यांची नावं घेतो. त्यात दंडकारण्य आहे. पेशावरकडचा बौद्ध आचार्य आपल्या बाजूच्या रानाची साक्ष काढतो, तीही ब्राह्मणांच्या कथेतली! विरोधकाला मान्य असलेलाच दाखला द्यावा, हा वादाचा नियम त्याने इथेही पाळला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी चारचा सरकारी आकडा: दिल्लीचा हवा निर्देशांक ४९४. आपली मोजपट्टी ५०० ला संपते, त्यापलीकडे काही मोजतच नाही. शेजारच्या मुलाच्या फोनमधलं परदेशी अ‍ॅप हजाराच्या पुढचा आकडा दाखवत होतं. आजपासून निर्बंधांचा चौथा टप्पा. ट्रक बंद, बांधकामं बंद, शाळा ऑनलाइन. समोरची इमारत सकाळी अकरापर्यंत नव्हती. म्हणजे दिसत नव्हती. या विषयात असली वाक्यं सांभाळून लिहावी लागतात.

बाल्कनीचं दार बंद करून धर्मकीर्तीचा 'न्यायबिंदु' काढला आणि एक ओळखीचा परिच्छेद आज वेगळाच वाचला गेला. डोंगरावर धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे आपल्या तर्कशास्त्राचं सर्वांत झिजलेलं उदाहरण. धर्मकीर्ती विचारतो: समोर जे पांढुरकं दाटलंय ते धूर आहे की वाफ, याचीच शंका असेल तर? असल्या हेतूला, म्हणजे अनुमानाच्या आधाराला, त्याने नाव दिलंय 'संदिग्धासिद्ध'. त्यावरून अग्नीचं अनुमान करता येत नाही. आज सगळी दिल्ली नेमकी याच शंकेत होती. थंडीचं धुकं किती, पंजाब-हरियाणात जाळलेलं पराळ किती, गाड्या किती, धूळ किती. दर वर्षी राजकारणी आपापल्या सोयीचा अग्नी सिद्ध करतात. सातव्या शतकातल्या बौद्ध तार्किकाने त्यांना 'आधी हेतू सिद्ध करा' म्हणून परत पाठवलं असतं.

गंमत अशी की हाच धर्मकीर्ती 'प्रमाणवार्तिका'त शेवटी विज्ञानवादाकडे जातो. व्यवहाराच्या पातळीवर त्याची खरेपणाची कसोटी आहे अर्थक्रिया: जे काही करून दाखवतं ते खरं. या कसोटीने आजचा धूर खराच, कारण सोसायटीत प्रत्येक घरातून खोकला ऐकू येतोय. पण मग तो एक पायरी वर चढतो आणि विचारतो: निळा रंग आणि निळ्या रंगाची जाणीव तुम्हाला कधी वेगवेगळी मिळाली का? निळं आहे आणि जाणीव नाही, असं कधी अनुभवलंत? नाही ना? दोन्ही नेहमी बरोबरच मिळतात. मग ती दोन आहेत हे कशावरून?

याचं पंडिती नाव सहोपलंभनियम. वर्गात हा युक्तिवाद सांगितला की शांतता पसरायची. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो खोडता येत नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

भाचा आला. आयआयटीत भौतिकशास्त्रात पीएचडी करतोय. प्रयोगशाळा चालू आहे, पण त्याचा दमा उसळलाय म्हणून दोन दिवस माझ्याकडे, एअर प्युरिफायरच्या आश्रयाला.

रात्री जेवताना त्याला वसुबंधूचा अणूचा प्रश्न घातला. अणूला भाग नसतात असं वैशेषिक म्हणतात. ठीक. एका अणूला सहा दिशांनी सहा अणू येऊन चिकटले. पूर्वेचा जिथे चिकटला तिथे पश्चिमेचा चिकटलेला नाही. म्हणजे मधल्या अणूला किमान सहा बाजू झाल्या. बाजू म्हणजे भाग. अणू अणू राहिला नाही. बरं, भाग नाहीतच म्हणाल, तर सातही अणू एकाच जागी बसले, आणि कितीही अणू जमवले तरी गोळा अणूएवढाच राहणार. मग घडा कुठून येणार?

"मावशी, हे कोणत्या शतकातलं?"

"चौथं-पाचवं."

तो घास हातात धरून बसला. मग म्हणाला, "आम्ही इलेक्ट्रॉनला आकारच देत नाही. बिंदू मानतो. आणि बिंदूंपासून जाड वस्तू कशी होते याचं उत्तर 'ते एकमेकांना चिकटतात' असं नाहीच आमच्याकडे. विद्युत बल आहे, आणि दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत हा पाउलीचा नियम आहे. स्पर्श वगैरे काही नसतं."

"मग वसुबंधू बरोबर?"

"स्पर्शाबद्दल बरोबर. पण त्यावरून बाहेर काहीच नाही हे कसं निघतं? तुमच्या वैशेषिकांचं वस्तूचं चित्र चुकलं, एवढंच निघतं."

हे मी लिहून ठेवलं. वैशेषिकांची बाजूही त्याला सांगितली: दोन अणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, आणि कवडशात तरंगणारा कण म्हणजे हे त्र्यणुक, दिसणाऱ्या वस्तूंतलं सर्वांत लहान. संयोग हा गुण वस्तूला संपूर्ण व्यापत नाही, झाडाच्या फांदीवर माकड असतं तेव्हा बुंध्याशी नसतं. म्हणून संयोग असला की भाग असलेच पाहिजेत असं नाही, दिशांच्या संबंधामुळे आपण 'बाजू' म्हणतो एवढंच. भाच्याला हे पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही कधी पुरतं पटलेलं नाही. झाडाला फांदी आणि बुंधा आहेत म्हणून ते उदाहरण चालतं. अणूला काय आहे?

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

हवा थोडी बरी. मेट्रोने विश्वविद्यालय स्टेशन. जुन्या विभागाच्या ग्रंथालयात काम होतं, पण आधी बौद्ध अध्ययन विभागावरून चालत गेले.

हा विभाग १९५७ मध्ये सुरू झाला, बुद्ध जयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षाच्या लगेच नंतर. पहिले प्राध्यापक पुरुषोत्तम विश्वनाथ बापट, पुण्याचे, पालीचे जाणकार. त्यांनी संपादित केलेला बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांवरचा ग्रंथ केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने १९५६ मध्ये काढला, राधाकृष्णन यांची प्रस्तावना. त्यांच्यामागून वासुदेव विश्वनाथ गोखले आले, तेही पुण्याचेच, फर्ग्युसनचे. वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'च्या मूळ संस्कृत कारिका गोखल्यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केल्या; त्या ज्या हस्तलिखितातून आल्या ते राहुल सांकृत्यायनांनी तिबेटात शोधलं होतं. सनातनी पुण्यातून निघालेले दोन विद्वान राजधानीत बौद्ध विद्येची घडी बसवतात, हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही. फेब्रुवारीत दिल्लीत साहित्य संमेलन आहे, तारा भवाळकर अध्यक्ष. मागचं दिल्लीतलं संमेलन १९५४ चं, अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. वेदान्त आणि न्याय शिकून जडवादाकडे झुकलेला माणूस. या तिघांवर संमेलनात एखादं सत्र ठेवायला हरकत नसावी. ठेवणार नाहीत.

काम होतं बौद्ध आचार्य शांतरक्षिताच्या 'तत्त्वसंग्रहा'चं. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत १९२६ मध्ये छापलेला, सयाजीरावांच्या काळात. त्यात 'बहिरर्थपरीक्षा' हे स्वतंत्र प्रकरण आहे, बाहेरच्या वस्तूच्या खंडनाचं. पण मी तिथे थांबले दुसऱ्या कारणाने. शांतरक्षित खंडन करण्यासाठी मीमांसक कुमारिलाचे श्लोक देतो, भरपूर देतो. त्यातले पुष्कळ आज कुमारिलाच्या उपलब्ध ग्रंथात सापडत नाहीत. त्याच्या हरवलेल्या 'बृहट्टीके'तले असावेत असं अभ्यासक मानतात. मीमांसकांनी स्वतः जो ग्रंथ सांभाळला नाही, त्याचे तुकडे बौद्ध विरोधकाने सांभाळले.

आणि कमलशील 'तत्त्वसंग्रहा'वरच्या आपल्या टीकेत शुभगुप्ताशी भांडतो. शुभगुप्त बौद्धच. त्याने 'बाह्यार्थसिद्धि' नावाचा ग्रंथ लिहिला, बाहेरची वस्तू सिद्ध करणारा. आता तो तिबेटी भाषांतरात आहे. सहोपलंभाला त्याने मार्मिक आक्षेप घेतलेत. दोन गोष्टी बरोबर मिळतात एवढ्याने त्या एक होत नाहीत. उलट 'बरोबर' हा शब्द वापरायलाच दोन लागतात. मंडळात हे नाव सांगायचंच.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर कुमारिल. 'श्लोकवार्तिका'तलं निरालंबनवाद प्रकरण.

त्याच्याबद्दलची कथा सगळ्यांना माहीत असते: वेष पालटून बौद्धांकडे शिकला, पकडला गेला, मनोऱ्यावरून ढकलला, शेवटी गुरुद्रोहाचं प्रायश्चित्त म्हणून तुसाच्या आगीत बसला. मला या कथेचं फार महत्त्व वाटत नाही. मात्र बौद्धांचे ग्रंथ त्याने आतून वाचले होते हे प्रत्येक श्लोकावरून कळतं.

विज्ञानवाद्याचं अनुमान असं: सर्व ज्ञानं वस्तूशिवाय असतात, कारण ती ज्ञानं आहेत, स्वप्नातल्या ज्ञानासारखी. कुमारिल त्याला तीन बाजूंनी घेरतो.

एक. हे अनुमानही ज्ञानच आहे. मग त्यालाही विषय नाही. ज्याला विषयच नाही ते अनुमान सिद्ध काय करणार? अनुमानाचा पक्ष, हेतू, दृष्टांत हे सगळं खरं धरल्याशिवाय तुम्ही तोंड उघडू शकत नाही.

दोन. स्वप्नालाही विषय असतो. तिथल्या, तेव्हाच्या गोष्टी इथल्या, आताच्या म्हणून एकत्र जोडल्या जातात, एवढाच घोटाळा. ज्याने हत्ती कधी पाहिला-ऐकला नाही त्याच्या स्वप्नात हत्ती येत नाही. स्वप्न हा वस्तूच्या अभावाचा पुरावा नाही, वस्तूच्या चुकीच्या मांडणीचा आहे.

तीन. आणि हा घाव मला निर्णायक वाटतो. स्वप्न खोटं, हे तुम्हाला कशावरून कळलं? जागं झाल्यावर, जागेपणीच्या ज्ञानाने ते खोडलं म्हणून. जागेपणीचं ज्ञानही तितकंच खोटं असेल, तर स्वप्न खोटं ठरवायला तुमच्याकडे उरलं काय? तुमच्या दृष्टांताचा खोटेपणाच आमच्या जागृतीच्या उसनवारीवर उभा आहे.

बौद्ध म्हणतो, व्यवहारापुरतं सत्य आम्हीही मानतो, संवृतिसत्य. कुमारिलाची जीभ इथे फार तिखट होते: संवृति असेल तर सत्य कसलं, आणि सत्य असेल तर संवृति कसली? खोट्याला जरा सभ्य नाव दिलं की ते खरं होत नाही.

विज्ञानवाद्याला यावर म्हणता येतं की योग्याला जाग येते तेव्हा ही जागृतीही खोडली जाते. कुमारिलाचा उलट प्रश्न: असा योगी इथे, या जन्मी, कोणी पाहिला? आणि तुमच्या योग्याला जे दिसलं त्याच्या उलट आमच्या योग्याला दिसलं असेल तर?

मी एवढंच म्हणेन की हे वाचून झाल्यावर 'भारतीय विचार म्हणजे अंतर्मुख, गूढ' असं लिहिणाऱ्यांना हे प्रकरण तोंडपाठ करायला लावावं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

कार्तिक वद्य त्रयोदशी. आळंदीला माउलींचा समाधी सोहळा. फोनवर थोडा वेळ पाहिला.

ज्ञानेश्वरीच्या आरंभीचं गणेशाचं रूपक रोजच्या पाठातलं आहे, पण या विषयासाठी ते आज पुन्हा वाचलं. सहा दर्शनं हे गणपतीचे सहा हात. तर्क हा परशू, वेदान्त हा मोदक. आणि एका हातात मोडका दात. तो बौद्ध मताचा संकेत, वार्तिकाने खंडित झालेला. वार्तिक म्हणजे आपला कालचा-परवाचा कुमारिल. १२९० साली नेवाशात एक तरुण मुलगा मराठीत हे सांगतोय, म्हणजे हा वाद त्याच्या श्रोत्यांच्या कानावर असणार.

मला त्यात दुसरंच काही दिसतं. खंडित झालेला दात गणपतीने टाकून दिलेला नाही. तो हातात धरला आहे.

'अमृतानुभवा'त मात्र ज्ञानदेव या दोन्ही पक्षांच्या पलीकडे जातात. सातवं प्रकरण अज्ञानखंडनाचं. जगाचं खापर अज्ञानावर फोडायलाच ते तयार नाहीत. दिसणारं आणि पाहणारं एकाच चैतन्याचा विलास, म्हणून जग नाकारण्याची गरजच उरत नाही. तार्किकाच्या नजरेने हे उत्तर नाही, प्रश्नच मोडीत काढणं आहे. व्याख्यानात याला हात घालणार नाही; घातला तर लोक तेवढंच लक्षात ठेवतील.

१ डिसेंबर, रविवार

मजनू का टिला. जुन्या विद्यार्थिनीने एका तिबेटी भिक्खूंशी गाठ घालून दिली. कर्नाटकातल्या मठात शिकलेले, हिंदी उत्तम. लाफिंग नावाचा तिखट पदार्थ समोर, आणि आम्ही धर्मकीर्तीवर.

त्यांच्याकडे थंडीच्या दिवसांत अनेक मठांचे भिक्खू जमून एकट्या 'प्रमाणवार्तिका'वर वाद करतात. उभा राहिलेला प्रश्न विचारतो, टाळी वाजवतो, पाय आपटतो. बसलेल्याने लगेच उत्तर द्यायचं. भारतात जो ग्रंथ पंडितांच्या कपाटात गेला तो त्यांच्याकडे अजून अंगणात आहे.

मी विचारलं, "भंते, तुम्ही स्वतः बाहेरची वस्तू मानता का?"

ते हसले. "अम्मा, विज्ञानवादी झालो की नाही मानत. पण आमचा सिद्धान्त प्रासंगिक माध्यमिकांचा. आम्ही व्यवहारात मानतो. चित्त जितकं मानतो तितकीच वस्तू मानतो. स्वभावतः दोन्ही नाहीत, व्यवहारतः दोन्ही आहेत. एक ठेवून एक काढणं अन्याय आहे."

माध्यमिक आचार्य चंद्रकीर्ती आणि त्याच्यानंतर तिबेटातला त्सोंखापा यांचंच हे मत. म्हणजे बौद्धांत सर्वास्तिवादी वस्तू मानतात, सौत्रान्तिक तिचं अनुमान करतात, विज्ञानवादी नाकारतात आणि प्रासंगिक नाकारणाऱ्यांना नाकारतात. 'बौद्ध म्हणतात' असं वाक्य व्याख्यानात एकदाही येता कामा नये.

३ डिसेंबर, मंगळवार

शंकराचार्य. ब्रह्मसूत्र २.२.२८ वरचं भाष्य. इथे आचार्य जवळजवळ नैयायिकासारखे बोलतात. खांब दिसतो तो 'माझी जाणीव' म्हणून दिसत नाही, खांब म्हणून दिसतो. तुम्ही म्हणता, आतलीच गोष्ट बाहेर असल्यासारखी भासते. पण 'बाहेर असल्यासारखी' म्हणायला बाहेर माहीत असावं लागतं. विष्णुमित्र वांझेच्या मुलासारखा दिसतो, असं कोणी म्हणतं का? बौद्ध तार्किक दिङ्नागाच्या 'आलंबनपरीक्षे'वरच हा रोख आहे. पुढच्याच सूत्रात स्वप्न आणि जागृती यांतला फरक: स्वप्न खोडलं जातं, जागृती तशी खोडली जात नाही.

आणि हेच आचार्य परमगुरू गौडपादांच्या कारिकांवर भाष्य लिहितात, जिथे जागृती आणि स्वप्न सारखीच मिथ्या ठरवली आहेत, आणि शेवटच्या अलातशांति प्रकरणात तर शब्दही बौद्धांचे आहेत. व्यावहारिक आणि पारमार्थिक अशा पातळ्या लावून पंडित हे जुळवतात. जुळतंही. पण मग कुमारिलाने संवृतिसत्याला विचारलेला प्रश्न इथेही लागू होतो, आणि नंतरच्या वैष्णव आचार्यांनी मायावाद्यांना 'प्रच्छन्न बौद्ध' म्हटलं ते निव्वळ शिवी म्हणून नव्हे. त्यांनी भाष्य नीट वाचलं होतं.

४ डिसेंबर, बुधवार

खाटकाच्या मेंढीचा प्रश्न सुटत नाही. वस्तू गेली तरी दुसरं चित्त आहे, असं वसुबंधू धरून चालतो. धर्मकीर्तीने त्यासाठी 'संतानान्तरसिद्धि' लिहिली, दुसऱ्याचं मन सिद्ध करणारी. आणि अकराव्या शतकात विक्रमशिलेचा रत्नकीर्ती 'संतानान्तरदूषण' लिहून ते खोडतो: ज्या युक्तिवादाने बाहेरचा घडा गेला त्याच युक्तिवादाने बाहेरचं मनही जातं, परमार्थात दुसरा कोणी उरत नाही. प्रामाणिकपणाची कमाल. पण मग करुणा कोणाविषयी?

६ डिसेंबर, शुक्रवार

बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन. सिव्हिल लाइन्स स्टेशनला उतरून २६, अलीपूर रोड. उघड्या पुस्तकाच्या आकाराचं स्मारक, २०१८ मध्ये खुलं झालेलं. मराठी ऐकू येत होती, नागपूरकडची, मराठवाड्याची. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे.

इथेच १९५६ च्या ५ डिसेंबरच्या रात्री बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना उशाशी घेतली होती. ग्रंथ पुढच्या वर्षी आला. त्यात वसुबंधूच्या विज्ञानवादाला जागा नाही, आणि ते सहज झालेलं नाही. बाबासाहेबांच्या मांडणीत रिलिजन जगाच्या उत्पत्तीचं स्पष्टीकरण देत बसतो. धम्माचं काम जगाची पुनर्रचना. ज्याची पुनर्रचना करायची ते असावं लागतं. पाणवठा जाणिवेत नव्हता, चवदार तळ्यावर होता. तर्कशास्त्राच्या वर्गात याला कोणी युक्तिवाद म्हणणार नाही. मी अर्थक्रिया म्हणेन, धर्मकीर्तीचीच कसोटी.

८ डिसेंबर, रविवार

व्याख्यान झालं. हॉल अर्धा भरला होता, तो या थंडीत पुष्कळ. शुभगुप्ताचं नाव ऐकून एकाने वहीत लिहून घेतलं.

प्रश्नोत्तरांत रेल्वेतून निवृत्त झालेले एक अभियंता उठले. "बाई, शेवटी आहे की नाही ते सांगा."

सांगितलं. माझ्या मते आहे. स्वप्नाचा दाखला कुमारिलाने निकालात काढला. सहोपलंभ शुभगुप्ताने, म्हणजे बौद्धानेच, सैल केला. अणूचा प्रश्न मात्र वसुबंधूने जिंकला; पण त्याने वैशेषिकांचा अणू हरला, जग नाही. आणि हा वाद हिंदू विरुद्ध बौद्ध असा कधीच नव्हता. वस्तू मानणारे दोन्हीकडे होते. नाकारणारे, वेगवेगळ्या अर्थांनी, दोन्हीकडे होते.

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे आपण जिंकलो ना?" मी विचारलं, आपण म्हणजे कोण? त्यावर चहा आला.

९ डिसेंबर, सोमवार

व्याख्यान ऐकलेल्या तिघांनी वाचायला काय घ्यावं म्हणून विचारलंय. त्यांना क्रम कळवला: आधी 'विंशतिका', वृत्तीसकट. मग निरालंबनवाद. मग २.२.२८ चं शांकरभाष्य. दम उरला तर नैयायिक उदयनाच्या 'आत्मतत्त्वविवेका'तलं बाह्यार्थाचं प्रकरण. तिथे तो रत्नकीर्तीच्या गुरूला, ज्ञानश्रीला, उत्तर देतो. सुरुवात कुमारिलापासून करू नका, असंही लिहिलं. बौद्धाचं म्हणणं आधी बौद्धाच्या तोंडून ऐका. बावीस श्लोक आहेत, एका रविवारी होतात.